कंपनी बदलली, सॉल्ट तेच

"दीदी, कंपनी दूसरी है, पर सॉल्ट तो वही है न?" सॉल्ट म्हणजे गोळीतलं मूळ औषध. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. कधी हिंदीतून, कधी "ताई, कंपनी वेगळी दिसते" असा मराठीतून. बहुतेक औषधांच्या बाबतीत पट्टीवर एक नजर टाकली की उत्तर देता येतं. नैराश्यावरच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी आधी जुनी पट्टी मागते आणि मग बोलते. पुष्कळांना ते चमत्कारिक वाटतं. रिकामी पट्टी कोण जपून ठेवतं? पण या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली आहे. मनाच्या आजाराचा पेशंट "ही गोळी ती नाही" म्हणतो, तेव्हा त्याची समजूत काढायला जाऊ नये. आधी पट्टीची मागची बाजू वाचावी.

दुकान जबलपुरात मदन महल स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. नागपूर रस्त्यावरचं नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज फार लांब नाही, नेपियर टाउनमधले डॉक्टर त्याहून जवळ, आणि इथल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत नागपूरला. रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी, वीज मंडळ अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेली ही माणसं. दुखणं मनाचं असलं की ती शक्यतो नागपूरच्या डॉक्टरकडे जातात, कारण इथे दवाखान्याच्या बाकावर कोणी ओळखीचं भेटायला नको. त्यामुळे माझ्याकडे तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या येतात. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने असते, इथल्या खाजगी डॉक्टरची ब्रँडच्या नावाने, आणि नागपूरची चिठ्ठी बरेचदा अशा ब्रँडची, ज्याचा जबलपुरात स्टॉकिस्टच नसतो.

आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. त्यामुळे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या सगळ्या गोळ्या डझनावारी कंपन्या डझनावारी नावांनी विकतात. ज्या कंपनीने रेणू शोधला तिची गोळी माझ्या दुकानात क्वचितच येते. लोक जिला 'ब्रँडेड' म्हणतात ती महाग गोळीही बहुधा जेनेरिकच असते, फक्त तिला नाव दिलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे पेशंटची गोळी बदलते तेव्हा ती अस्सलवरून जेनेरिकवर जात नाही. ती एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर जाते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधाची चिठ्ठी असेल तर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीसुद्धा. म्हणून ब्रँड मिळत नसेल तर मी चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन लावते. डॉक्टरने मूळ नाव लिहिलेलं असेल तर मात्र कंपनी निवडणं माझ्याकडे येतं. डॉक्टरांनी मूळ नावानेच लिहावं अशी सुधारणा मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तेच अधिक कडक भाषेत सांगितलं आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगितही झाले. डॉक्टर म्हणतात निवड आमच्याकडे हवी, सरकार म्हणतं पेशंटच्या खिशाचा विचार हवा. प्रत्यक्षात गोळी कोणाची मिळणार हे पुष्कळदा त्या आठवड्यात स्टॉकिस्टकडे कोणाचा माल उतरला यावर ठरतं. म्हणजे ज्याने त्या पेशंटला कधी पाहिलेलंही नाही असा माणूस ते ठरवतो. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो.

वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका कितीतरी वर्षं माझ्याकडून व्हेन्लाफॅक्सिन घेत होते. पहाटे उठून टेकडीवरच्या शारदा देवीच्या देवळापर्यंत चढून जायचं, परत येऊन नाश्ता करायचा आणि मग गोळी घ्यायची, हा त्यांचा क्रम. एकदा ते मुलीकडे नागपूरला राहून आले आणि त्यानंतर पायऱ्या चढताना त्यांना भोवंडायला लागलं. "मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, नुसते डोळे फिरवले तरी होतं," असं ते सांगत. घरच्यांना वाटलं वयोमानाने व्हर्टिगो झाला. कोणीतरी चक्करेच्या गोळ्या सुरू केल्या, त्यांनी गुंगी तेवढी वाढली. काका माझ्याकडे आले ते त्या चक्करेच्या गोळ्या घ्यायला. जाता जाता म्हणाले, "बेटा, नागपूरहून दोन महिन्यांचं आणलंय, पण ती गोळी मला मानवत नाहीये. सून म्हणते मनाचे खेळ आहेत."

मी पट्टी आणायला सांगितली. दोन्ही पट्ट्यांवर औषधाचं नाव एकच होतं आणि आकडाही एकच, ७५. पण माझ्याकडची कॅप्सूल होती आणि नागपूरची गोळी. जुन्या पट्टीवर ७५ च्या पुढे बारीक अक्षरांत 'एक्सआर' लिहिलेलं होतं, नव्यावर ती अक्षरं नव्हती. काकांना नीट कळावं म्हणून मी एक जुनी कॅप्सूल उघडून कागदावर रिकामी केली. आतून पांढरे बारीक दाणे निघाले. त्या दाण्यांवर एक थर असतो आणि त्यातून औषध तासन्‌तास हळूहळू झिरपतं. साध्या गोळीतलं औषध थोड्याच वेळात रक्तात जातं आणि तितक्याच लवकर उतरतं. व्हेन्लाफॅक्सिनचं रक्तातलं प्रमाण साधारण पाच तासांत निम्मं होतं, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या दुसऱ्या कामाच्या घटकाचं अकरा तासांत. साधी गोळी म्हणूनच दिवसातून दोन-तीनदा विभागून देतात. काका मात्र ती जुन्या सवयीने एकदाच, नाश्त्यानंतर घेत होते. म्हणजे पहाटे देवळाच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत आदल्या दिवशीच्या गोळीतलं थोडंच उरत असे. त्यांचं शरीर रोज पहाटे औषध अचानक बंद केल्यासारखं वागत होतं. करंट बसल्यासारखं वाटणं, चक्कर, मळमळ, चिडचिड आणि विचित्र स्वप्नं ही या औषधाच्या माघारीची ओळखीची लक्षणं आहेत. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या दोन गोळ्यांत ती सर्वांत ठळक दिसतात. फ्लुऑक्सेटिनमध्ये फारशी दिसत नाहीत, कारण ते शरीरातून जायलाच कित्येक आठवडे घेतं.

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, जुनी कॅप्सूल सुरू झाली, आणि आठवड्याभरात काका पुन्हा देवळात जायला लागले. पण मला आनंदापेक्षा राग जास्त आला होता. मधल्या काळात त्या माणसाला घरात सगळ्यांनी मिळून म्हातारपणाचं खूळ लागलं म्हणून ठरवून टाकलं होतं. आणि एकदा नैराश्याचा पेशंट म्हणून माणसावर शिक्का बसला की त्याच्या अंगातली प्रत्येक तक्रार मनाच्या खात्यावर जमा होते.

काकांचं कोडं अक्षरं वाचून सुटलं. अक्षरं सारखी असतानाही फरक पडू शकतो का? याचं उत्तर जगाला अमेरिकेतल्या एका गोळीने दिलं. त्यासाठी जेनेरिकला मान्यता कशी मिळते ते थोडं सांगावं लागेल. निरोगी माणसांना मूळ गोळी आणि नवी गोळी वेगवेगळ्या वेळी देतात, ठरावीक वेळाने रक्त घेत राहतात आणि मुख्यतः दोन गोष्टी मोजतात: एकूण किती औषध रक्तात पोचलं, आणि पातळी जास्तीत जास्त किती चढली. नव्या गोळीचं मूळ गोळीशी असलेलं प्रमाण, संख्याशास्त्राच्या ९० टक्के खात्रीच्या पट्ट्यासकट, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावं लागतं. "म्हणजे वीस टक्के औषध कमी असलं तरी चालतं" असं आमच्या धंद्यातली माणसंही बोलतात. ते साफ चूक आहे. अख्खा पट्टा आत बसवायचा तर प्रत्यक्षातला सरासरी फरक थोडाच ठेवावा लागतो. अमेरिकेची औषध नियामक संस्था असलेल्या एफडीएने १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० अभ्यासांचा हिशेब मांडला तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. जेनेरिकवर माझा विश्वास आहे तो अशा आकड्यांमुळे.

पण डिसेंबर २००६ मध्ये बाजारात आलेल्या बुडेप्रियॉन एक्सएल ३०० या गोळीची गोष्ट निराळी झाली. वेलब्युट्रिन एक्सएल या नैराश्यावरच्या गोळीचं ते जेनेरिक. इम्पॅक्स कंपनी बनवायची आणि टेवा विकायची. काही महिन्यांतच लोक तक्रार करू लागले: डोकं दुखतं, झोप लागत नाही, जीव घाबरतो, बरं झालेलं नैराश्य परत आलं. २००८ मध्ये एफडीएने उत्तर दिलं की गोळ्या समान आहेत आणि हा चढउतार आजाराचाच असावा. खरी गोष्ट अशी होती की चाचणी झाली होती ती १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर. जास्त मात्रेत फिट येण्याचा धोका असल्यामुळे निरोगी माणसांना ३०० ची गोळी द्यायचं टाळलं होतं आणि तिच्याबद्दलचा निष्कर्ष १५० वरून काढला होता. शेवटी एफडीएने स्वतःच २४ निरोगी माणसांवर ३०० ची चाचणी केली. ती गोळी मूळ गोळीशी समान ठरली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तसं जाहीर झालं आणि ती बाजारातून गेली. इतर चार कंपन्यांनाही ३०० च्या गोळीची चाचणी करायला सांगितलं, त्यातली आणखी एक नापास झाली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं लोक खरं बोलत होते आणि त्यांना त्यांच्या आजाराकडे बोट दाखवून परत पाठवलं जात होतं. बातमी वाचली तेव्हा मला त्या गोळीपेक्षा ती माणसं जास्त दिसत होती, आपापल्या औषधाच्या दुकानात उभी राहून तीच ती तक्रार सांगणारी.

दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ गोळीशी होते, दोन जेनेरिकची आपसांत होत नाही. एक थोडी वरच्या अंगाला असेल, दुसरी थोडी खालच्या. दोन्ही आपापल्या जागी पास. आणि माझा पेशंट जातो तो नेमका एकीवरून दुसरीवर. त्यात आपल्याकडे पूर्वी, औषध देशात मान्य होऊन चार वर्षं झाली की राज्याच्या परवान्याला अशी समानतेची चाचणी लागत नव्हती. जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे तांत्रिक भाषेत दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या औषधांसाठी, ती एप्रिल २०१७ च्या दुरुस्तीने सक्तीची झाली. हा फार मोठा आणि चांगला बदल आहे. पण त्याआधी दिलेल्या परवान्यांवरच्या गोळ्याही बाजारात आहेत, आणि कोणत्या गोळीची चाचणी झाली आणि कोणत्या गोळीची नाही, हे पट्टीवर कुठेही छापलेलं नसतं. मला वाटतं ते छापलं पाहिजे. किंमत छापता येते तर हेही छापता येईल.

आता इतकं सांगितल्यावर कोणी म्हणेल, बघा, स्वस्त गोळी वाईटच. तसं अजिबात नाही, आणि ते मला तितक्याच जोराने सांगायचं आहे. एका शिक्षिकेने सरकारी जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणायला सुरुवात केली. महिन्याचा खर्च एकदम खाली आला म्हणून खूश होती. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून तिची झोप उडाली, हात थरथरू लागले, वर्गात खडू धरवेना. ती माझ्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती. "ताई, सरकारी गोळीत काही नसतंच का हो?" गोळीत जे असायला हवं ते सगळं होतं. तिची जुनी गोळी मात्र नुसतं एस्सिटालोप्राम नव्हती. त्या ब्रँडच्या नावापुढे एक छोटं शेपूट होतं, आणि त्या शेपटाचा अर्थ आत अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम. ही झोपेच्या-शांततेच्या गटातली गोळी. शिक्षिका ती दोन वर्षं रोज घेत होती आणि तिला कोणी ते सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी घेऊन केंद्रात न जाता तिने तोंडी नाव सांगितलं, 'एस्सिटालोप्राम दहा', आणि तेवढंच तिला मिळालं. क्लोनाझेपाम असं एकाएकी थांबवायचं नसतं. मात्रा जास्त असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांनी ते वेगळं सुरू केलं आणि महिन्या-महिन्याने कमी करत आणून बंद केलं. एस्सिटालोप्राम ती आजही जनऔषधीचंच घेते आणि उत्तम आहे.

अशा जोडगोळ्या आपल्याकडे ढिगाने लिहिल्या जातात. माझं स्पष्ट मत आहे की या दोन औषधांच्या दोन वेगळ्या गोळ्या असाव्यात. एक कदाचित वर्षभर चालायची, दुसरी काही आठवड्यांत थांबवायची; दोघींना एकाच वेष्टनात बांधून टाकलं की थांबवायची वेळ आली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही.

नावांच्या गर्दीतला आणखी एक धोका म्हाताऱ्या माणसांच्या घरात दिसतो. मुलगा पुण्याहून ऑनलाइन औषध पाठवतो, आजी इथूनही आणते. एका पट्टीवर एक नाव, दुसऱ्या पट्टीवर दुसरं. आजीला वाटतं एक मनाची गोळी आणि दुसरी ताकदीची. दोन्ही घेते. दोन्ही असतात एस्सिटालोप्राम १०. साठी-पासष्टीनंतर हे औषध बहुतेक वेळा दहा मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि रक्तातलं सोडियम उतरण्याची भीती या वयात जास्त असते, विशेषतः लघवी होण्याची गोळी सोबत चालू असेल तर. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी दोन्ही गोळ्या घेऊन भरकटल्यासारखं बोलू लागली, तेव्हा डॉक्टरांनी आधी सोडियमच तपासलं. ते उतरलेलं होतं. मी तेव्हापासून परगावी असलेल्या मुलांना सांगते की आई-बाबांच्या पट्ट्यांचा फोटो मागवून बघत जा, नुसतं "औषध घेतलंस का" विचारू नका.

मनाच्या खेळाबद्दलही बोलायला हवं, कारण तो खोटा नसतो. न्यूझीलंडमध्ये २०१७ साली सरकारी खरेदी करणाऱ्या फार्मॅक संस्थेने व्हेन्लाफॅक्सिनच्या सुमारे ४५ हजार पेशंटना एकाच जेनेरिकवर आणलं. सुरुवातीला तक्रारी थोड्या होत्या. पुढच्या वर्षी टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत त्या गोळीविरुद्ध बातम्या आल्या, आणि लगेच तक्रारी वाढल्या. ज्या लक्षणांची नावं बातम्यांत होती तीच लक्षणं जास्त वाढली, हे ऑकलंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं. भीतीने होणारा त्रास अंगाला खराच होतो. छाती खरीच धडधडते, झोप खरीच जाते. गोळीचं नुसतं रूप बदललं तरी परिणाम होतो. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या अमेरिकन पेशंटचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी. ती हृदयाची औषधं होती. ज्याचा आजारच त्याला रोज सांगत असतो की तुझं काही खरं नाही, त्याच्या हातात सकाळी अनोळखी रंगाची गोळी पडली तर काय होत असेल?

बुडेप्रियॉनमध्ये पेशंटचं म्हणणं खरं ठरलं, न्यूझीलंडमध्ये बातम्यांनी त्रास वाढवला. या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवूनच मला काउंटरवर उभं राहावं लागतं, आणि समोरचा माणूस यांतल्या कोणत्या गोष्टीतला आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून मी काही साध्या गोष्टी धरून चालते. या गोळ्या घेणाऱ्यांची एक वेगळी वही आहे. त्यात कंपनी, गोळी की कॅप्सूल, साधी की हळू सुटणारी, एकटी की जोडगोळी, एवढं लिहिलेलं असतं. ज्याला जी कंपनी लागू पडली आहे तीच मी त्याच्यासाठी आधीपासून मागवून ठेवते. माल येणार नाही असं दिसलं की शेवटची पट्टी संपायच्या आधी सांगते, म्हणजे डॉक्टरला विचारायला वेळ मिळतो. मात्रा बदलायची असेल त्याच महिन्यात कंपनी बदलू नये असं डॉक्टरांनाही सुचवते, कारण मग त्रास कशाचा हे कोणालाच कळत नाही. पाचच गोळ्या मागणारे पुष्कळ असतात, रोजंदारीवर जगणाऱ्याला सबंध पट्टी परवडत नाही. त्यांच्यासाठी पट्टी कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेली बाजू आपल्याकडे ठेवून नुसता कोरा तुकडा हातात द्यायची रीत आहे. मी ते सगळं पाकिटावर लिहून देते. वेळ जातो, मागची माणसं चुळबूळ करतात. करू देत.

आणि आवाज खाली ठेवते. हे कोणी शिकवत नाही. सागरच्या विद्यापीठात बी.फार्म. करताना गोळी पोटात किती मिनिटांत विरघळते ते आम्ही पुष्कळ मोजलं, पण ती वर्तमानपत्रात गुंडाळून मागणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे अभ्यासक्रमात नव्हतं. ज्याला औषध चालू आहे हेच घरी सांगता येत नाही, तो त्या औषधाचा त्रास होतोय हे कोणाला सांगणार? कित्येकदा ते मला एकटीलाच ठाऊक असतं. अशा माणसाला "वहम है आपका" म्हणून परत पाठवलं तर तो डॉक्टरकडे जात नाही, सरळ गोळी बंद करतो. ते फार धोक्याचं असतं. म्हणून पहिलं वाक्य मी तेच बोलते: गोळी स्वतःहून थांबवू नका, आजच डॉक्टरांशी बोलू, हवं तर इथूनच फोन लावते.

सगळी कोडी सुटत नाहीत. हायकोर्टात वकिली करणारी एक बाई माझ्याकडून सर्ट्रालिन घेते. मागे तिची कंपनी बदलावी लागली. डॉक्टरांना विचारून बदलली, तिला सांगून बदलली. मात्रा तीच, साधी गोळी, जोड काही नाही, मी दोन्ही पट्ट्या भिंगाखाली धरून शब्द न्‌ शब्द ताडून पाहिला. तरी तीन-चार आठवड्यांनी तिचं मन पुन्हा खाली गेलं. करंटबिरंट काही नाही, चक्कर नाही, फक्त सकाळी उठावंसं वाटेना आणि कोर्टात उभं राहून बोलताना शब्द सापडेनात. औषधाच्या माघारीची लक्षणं बहुधा काही दिवसांतच येतात. अशी हळूहळू उतरण आजार परतल्याची असू शकते, आणि तो गोळी न बदलताही परतला असता. किंवा नव्या गोळीतलं औषध तिच्या पोटात थोडं कमी शोषलं गेलं असेल. रक्तातली पातळी मोजून पाहायची सोय तेव्हा आमच्या हाताशी नव्हती. डॉक्टरांनी तिला जुन्या कंपनीवर परत आणलं आणि ती सावरली. त्याच दरम्यान तिचा एक जुना खटलाही निकाली निघाला होता. कशाने सावरली हे मी शपथेवर सांगू शकणार नाही, तीही सांगू शकणार नाही.

तरी आम्ही दोघींनी मिळून फॉर्म भरला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला देशात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम चालतो, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या नंबरावर फोन करूनही कळवता येतं. डॉक्टरच पाहिजे असं नाही, पेशंट स्वतः कळवू शकतो, आणि खात्री नसली, नुसती शंका असली तरी चालतं. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव आणि बॅच नंबर विचारतात. नैराश्याच्या गोळ्यांबद्दल असे फॉर्म आमच्यासारख्या दुकानांतून फार कमी जात असतील असं मला वाटतं. एका फॉर्मने काही सिद्ध होत नाही. पण एकाच बॅचबद्दल पाच गावांतून पाच फॉर्म गेले तर कोणाला तरी ते दिसेल. अमेरिकेत बुडेप्रियॉनची पुन्हा चाचणी झाली ती लोकांनी लिहून कळवलं म्हणूनच.

त्या वकील बाईची जुनी कंपनी आता ही गोळी बंद करणार आहे, असं स्टॉकिस्ट म्हणतो. मी हाताशी असलेल्या पट्ट्या तिच्यासाठी बाजूला काढल्या आहेत आणि तिच्या डॉक्टरांना कळवलं आहे. नवी कंपनी कोणती हे या वेळी आधीच ठरवायचं, बदल हायकोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर करायचा, आणि पहिला महिनाभर तिने दर आठवड्याला डॉक्टरांना फोन करायचा, असं तिघांचं ठरलं आहे. तिने माझ्याकडून एक कोरी वही नेली आहे, झोप आणि कामाची रोजची नोंद करायला. ती नोंद बदलाच्या दोन आठवडे आधीपासून सुरू करायला मी सांगितलं आहे.